व्हिगन होताना: आधी काय आणायचं, मग काय सोडायचं

व्हिगन व्हायचं ठरवलं की पहिला प्रश्न पडतो, "काय काय सोडायचं?" खरं तर हा प्रश्न दुसरा. दूध, अंडी, मांस ताटात असतात तेव्हा ती काही ना काही काम करत असतात. कुणी प्रथिनं पुरवतं, कुणी कॅल्शियम, कुणी बी-१२, तर केकमधलं अंडं सगळं मिश्रण धरून ठेवतं. ते काम दुसऱ्या कुणाकडे सोपवलं नाही आणि पदार्थ तेवढा काढून टाकला, तर ताटात भात, बटाटे आणि पालेभाजी उरते. तीन महिन्यांत थकवा येतो आणि "आपल्याला हे झेपत नाही" म्हणून माणूस परत फिरतो. झेपत नाही असं नसतं, कामं वाटून दिलेली नसतात.

पुढच्या पायऱ्या शाकाहारातून व्हिगन होणाऱ्यांसाठी आहेत. मांसाहारातून थेट येणाऱ्यांनाही त्या लागू पडतात, मात्र त्यांनी पायरी ५ वर जास्त वेळ द्यावा.

१. कारण लिहून काढा, सोडण्याचा क्रम त्यावरून ठरतो

'व्हिगन' हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी रूढ केला. दूध आणि अंडी खाणाऱ्या शाकाहाऱ्यांपासून आपली ओळख वेगळी सांगण्यासाठी त्यांना नवा शब्द हवा होता. मांस, मासे, अंडी, दूध, मध यांतलं काहीही न खाणं ही त्याची आहारापुरती व्याख्या. अनेक जण लोकर, रेशीम आणि चामडंही वापरत नाहीत.

तुमचं कारण कोणतं, यावर आधी काय सुटेल ते अवलंबून असतं. इथेच पहिला सापळा आहे. प्राण्यांच्या कळवळ्यापोटी सुरुवात करणारे बरेच जण आधी मोठ्या जनावरांचं मांस सोडतात आणि त्या जागी कोंबडी व अंडी वाढवतात. एका मोठ्या जनावरापासून शेकडो किलो मांस मिळतं, कोंबडीपासून दीड-दोन किलो. म्हणजे या बदलाने मरणाऱ्या जिवांची संख्या कितीतरी पटींनी वाढते. कारण करुणा असेल तर कोंबडी, मासे आणि अंडी आधी सुटायला हवीत. अंडी देणाऱ्या जातीची नर पिल्लं ना अंडी देतात, ना मांसासाठी परवडतात, म्हणून ती बहुतेक ठिकाणी जन्मल्या दिवशीच मारली जातात. दुधाचंही तसंच आहे. गाय व्याल्याशिवाय दूध देत नाही, म्हणून तिला पुन्हा पुन्हा गाभण ठेवावं लागतं आणि जन्मलेल्या नर वासरांना दूध-व्यवसायात जागा नसते. शाकाहारी माणसाला ही गोष्ट पचायला सर्वांत जड जाते, कारण दूध त्याला कायम निरुपद्रवी वाटत आलेलं असतं.

कारण पर्यावरण असेल तर क्रम उलटतो. गाईगुरांचं आणि मेंढ्यांचं मांस आधी, मग चीज. २०१८ साली 'सायन्स' या नियतकालिकात पूर आणि नेमेचेक यांचा ११९ देशांमधल्या सुमारे ३८,७०० शेतांच्या माहितीवर बेतलेला अभ्यास आला. त्यानुसार जगातली ८३ टक्के शेतजमीन पशुजन्य अन्नासाठी लागते आणि त्यातून आपल्याला मिळतात १८ टक्के उष्मांक व ३७ टक्के प्रथिनं.

कारण फक्त तब्येत असेल तर एक लक्षात ठेवा: साखर, मैदा, तळणीचं तेल आणि बटाट्याचे वेफर्स हे सगळं व्हिगन असतं.

२. सुरुवात करण्याआधी रक्त तपासून घ्या

ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात. सहा महिन्यांनी अहवालात काही कमी निघालं तर ते नव्या आहारामुळे झालं की आधीपासून होतं, हे मग कळायला मार्ग राहत नाही. दूध पिणाऱ्या शाकाहाऱ्यांमध्येही बी-१२ आधीच कमी असू शकतं.

डॉक्टरांकडे जाताना ही यादी न्या:

- संपूर्ण रक्तगणना
- बी-१२
- फेरिटिन (नुसतं हिमोग्लोबिन पुरत नाही, शरीरातला लोहाचा साठा फेरिटिनवरून कळतो)
- ड जीवनसत्त्व
- थायरॉइडचा आजार असल्यास टीएसएच
- चालू असलेल्या सगळ्या औषधांची नावं आणि मात्रा

शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. मधुमेहासाठीचं मेटफॉर्मिन आणि आम्लपित्तावर बराच काळ घेतल्या जाणाऱ्या काही गोळ्या बी-१२ चं शोषण कमी करतात. वॉरफरिनसारखं रक्त पातळ ठेवणारं औषध चालू असेल तर पालेभाज्या एकदम वाढवू नका, कारण त्यांतलं के जीवनसत्त्व या औषधाच्या विरुद्ध काम करतं. गरोदरपण, स्तनपान, लहान मुलं किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर आहारतज्ज्ञाशी बोलूनच पुढे जा.

बी-१२ ची गोळी सुरू करायची ती रक्त दिल्यानंतर. आधी घेतली तर आकडा चांगला दिसतो आणि खरी स्थिती झाकली जाते.

३. आधी भरा, मग रिकामं करा

फ्रिजमधलं दूध काढण्याआधी हे घरात हवं:

- तीन प्रकारची कडधान्यं किंवा डाळी, त्यांतली एक लवकर शिजणारी (मसूर किंवा मूग)
- सोयाबीन, टोफू (सोया दुधाचं पनीर) किंवा सोया चंक्स
- शेंगदाणे, तीळ, जवस आणि आवडीचा सुकामेवा
- आयोडीनयुक्त मीठ
- कॅल्शियम आणि बी-१२ घातलेलं सोया दूध
- बी-१२ ची गोळी

साधनं: स्वयंपाकाचा वजनकाटा, जड बुडाचं मोठं पातेलं, प्रेशर कुकर, मिक्सर आणि दूध गाळायला पातळ सुती कापड. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर टोफू करताना फार उपयोगी पडतो.

पहिल्या आठवड्यात काहीही सोडू नका. नेहमी जेवता त्यांतली कोणती जेवणं आधीच व्हिगन आहेत आणि कोणती एक वस्तू बदलली की होतील, एवढंच मोजा. पाच-सहा तरी निघतात. आवडीची जेवणं तशीच राहू द्या आणि त्यांतली एकेक वस्तू बदला. रोज नवी पाककृती करू पाहणारा माणूस दुसऱ्या आठवड्यात दमतो.

४. बी-१२: इथे तडजोड नाही

हे जीवनसत्त्व ना वनस्पती बनवतात, ना प्राणी. ते जिवाणू बनवतात. प्राण्यांच्या शरीरात ते साठतं, म्हणून मांस, अंडी आणि दुधातून आपल्याला मिळतं. व्हिगन आहारात त्याचा भरवशाचा नैसर्गिक स्रोत नाही. स्पिरुलिना, समुद्री शेवाळ, आंबवलेले पदार्थ, न धुतलेल्या भाज्या यांची नावं वारंवार कानावर येतील. स्पिरुलिनात मुख्यतः बी-१२ सारखं दिसणारं पण माणसाच्या शरीराला निरुपयोगी असं संयुग असतं. काही चाचण्यांमध्ये ते बी-१२ म्हणून मोजलंही जातं, त्यामुळे गैरसमज आणखी पक्का होतो.

यांपैकी एक पद्धत निवडा आणि ती मोडू नका:

- रोज १० मायक्रोग्रॅमची गोळी, किंवा
- आठवड्यातून एकदा २,००० मायक्रोग्रॅम, किंवा
- बी-१२ घातलेले पदार्थ दिवसातून किमान दोन वेळा, मिळून ३ मायक्रोग्रॅम.

रोज १० आणि आठवड्याला २,००० हे गणित चुकल्यासारखं वाटतं, पण ते बरोबर आहे. जठरातल्या ज्या प्रथिनाच्या मदतीने बी-१२ शोषलं जातं, ते एका वेळी जेमतेम दीड-दोन मायक्रोग्रॅम पुढे नेऊ शकतं. त्यावरच्या मात्रेतला साधारण एक टक्का तसाच झिरपतो. म्हणून मात्रा जितक्या कमी वेळा घ्याल तितकी ती मोठी लागते. सायनोकोबालामिन हा प्रकार टिकाऊ आणि स्वस्त असतो आणि बहुतेकांना तो पुरतो.

फसगत होते ती वेळेमुळे. यकृतातला साठा काही वर्षं पुरू शकतो, त्यामुळे गोळी न घेता दोन वर्षं ठणठणीत गेलेला माणूस तुम्हाला भेटेल आणि "मला तर काही झालं नाही" असं सांगेल. त्याचं ऐकू नका. शिवाय व्हिगन आहारात फोलेट (पालेभाज्या-कडधान्यांतलं एक बी जीवनसत्त्व) भरपूर असतं आणि त्यामुळे बी-१२ च्या कमतरतेतला रक्तक्षय झाकला जातो. रक्तगणना ठीक दिसते आणि मज्जातंतूंचं नुकसान मात्र आत चालू राहतं. हातापायांना मुंग्या, बधिरपणा, जीभ लाल आणि गुळगुळीत होणं, तोल जाणं, विसरभोळेपणा यांतलं काहीही दिसलं तर थांबू नका, लगेच दाखवा. उशीर झाला तर हे नुकसान पूर्ण भरून येईलच असं नाही.

५. प्रथिनं: कडधान्य रोज, नीट शिजवून

निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे सुमारे ०.८ ग्रॅम प्रथिनं लागतात. वनस्पतीजन्य आहारात ०.९ ते १ ग्रॅम धरून चाला. ६० किलोच्या माणसाला साधारण ५५ ते ६० ग्रॅम. शिजलेल्या मसूर किंवा हरभऱ्याच्या १०० ग्रॅममध्ये ९ ग्रॅम, घट्ट टोफूत १२ ते १७, शेंगदाण्यात २५ आणि कोरड्या सोया चंक्समध्ये ५० च्या आसपास प्रथिनं असतात. पुडक्यावरचा हा ५० चा आकडा कोरड्या वजनाचा आहे. भिजल्यावर चंक्सचं वजन दुपटीहून जास्त होतं, त्यामुळे वाटीभर भिजलेल्या चंक्समध्ये ५० ग्रॅम प्रथिनं मिळाली असं समजू नका.

प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात, त्यांतलं लायसिन धान्यात कमी असतं, तर मेथिओनिन कडधान्यात. दोन्ही खाल्ली की एकमेकांची उणीव भरून निघते. ती एकाच घासात किंवा एकाच जेवणात हवीत असं मुळीच नाही, दिवसभरात मिळाली की झालं. ताटात कडधान्य, सोया किंवा शेंगदाणे यांपैकी काहीच नाही असं जेवण मात्र सवयीचं होऊ देऊ नका.

आता शिजवण्याबद्दल. राजम्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचं विषारी द्रव्य असतं. किमान ५ तास भिजवा, ते पाणी फेकून द्या, नव्या पाण्यात किमान १० मिनिटं खळखळून उकळा आणि मग मऊ होईपर्यंत शिजवा. प्रेशर कुकरमध्ये मऊ शिजवलेला राजमा निर्धोक असतो. धोका आहे तो मंद आचेच्या विजेच्या भांड्यात. तिथे तापमान पुरेसं चढत नाही आणि अर्धकच्चा राजमा कच्च्याहून जास्त त्रास देऊ शकतो. एक ते तीन तासांत मळमळ, उलट्या आणि जुलाब सुरू होतात.

कडधान्य शिजतच नसेल तर कारण बहुधा या चारांत असतं: दाणे जुने आहेत, पाणी जड आहे, भिजवण कमी झालं, किंवा टोमॅटो, चिंच अथवा लिंबू आधीच घातलंय. आंबट पदार्थ दाणा मऊ झाल्यावरच घाला. मीठ मात्र भिजवतानाही चालतं, उलट त्याने साल मऊ होते.

गॅसची तक्रार पहिल्या महिन्यात हमखास येते. कडधान्यातली रॅफिनोज, स्टॅकिओज ही शर्करा आपल्याला पचत नाही, मोठ्या आतड्यातले जिवाणू ती खातात आणि वायू तयार होतो. रोज अर्ध्या वाटीपासून सुरुवात करा, भिजवलेलं पाणी फेका, आधी सालं काढलेल्या डाळी आणि टोफू खा, मग अख्खी कडधान्यं आणा. तीन-चार आठवड्यांत पोट सरावतं. या काळात पाणी वाढवा. तंतुमय पदार्थ दुप्पट आणि पाणी तेवढंच, असं झालं की बद्धकोष्ठता ठरलेली.

मोड आणल्याने पचन आणि लोहाचं शोषण दोन्ही सुधारतं. पण मोड ज्या ओलाव्यात आणि उबेत येतात, तिथेच जिवाणूही वाढतात. २०११ साली जर्मनीत मेथीच्या मोडांशी जोडल्या गेलेल्या ई. कोलायच्या साथीत ५० हून अधिक माणसं दगावली. मोड वाफवून खा. गरोदर स्त्रियांनी आणि लहान मुलांनी कच्चे टाळावेतच.

६. दुधाची जागा: आधी कॅल्शियम, मग चव

सगळी वनस्पतीजन्य दुधं सारखी नसतात. सोया दुधात १०० मिलिलिटरमागे ३ ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात. बदाम किंवा नारळाच्या दुधात ती बहुधा अर्धा ग्रॅमच्या आसपास. गाईचं दूध सोडून बदामाचं सुरू केलं आणि बाकी काही बदललं नाही, तर प्रथिनांचं एक मोठं काम वाऱ्यावर सुटलं. वर्षाच्या आतल्या बाळाला यांतलं कोणतंही दूध मुख्य आहार म्हणून देऊ नका.

कॅल्शियम घातलेल्या दुधाच्या लेबलवर १०० मिलिलिटरला १२० मिलिग्रॅमच्या आसपास आकडा असायला हवा. खोका प्रत्येक वेळी जोरात हलवा. कॅल्शियम तळाशी बसतं, आणि न हलवता ओतलं तर ते खोक्यासोबत कचऱ्यात जातं. पालकात कॅल्शियम बरंच असतं, पण ऑक्झलेट हे द्रव्य ते बांधून ठेवतं, त्यामुळे त्यातलं जेमतेम ५ टक्के अंगी लागतं. कोबी, ब्रोकोली, केल यांतलं बरंच चांगलं शोषलं जातं.

घरी केलेलं सोया दूध चवीला आणि प्रथिनांना उत्तम, मात्र त्यात वरून घातलेलं कॅल्शियम किंवा बी-१२ नसतं, हे विसरू नका. त्याचा टोफू जिप्समने, म्हणजे कॅल्शियम सल्फेटने लावला की कॅल्शियमचा प्रश्नही बराच सुटतो. म्हणून ही कृती सविस्तर.

७. सोया दूध आणि टोफू, २०० ग्रॅम सोयाबीनपासून

लागणारं साहित्य: कोरडे सोयाबीन २०० ग्रॅम, पाणी दीड लिटर, खाद्य प्रतीचं जिप्सम २ लहान चमचे किंवा निगारी (समुद्राच्या पाण्यातून मीठ काढल्यावर उरणारा क्षार) दीड लहान चमचा किंवा लिंबाचा रस ३ मोठे चमचे. बांधकामाचं प्लास्टर दिसायला जिप्समसारखंच असतं, ते चुकूनही वापरू नका.

भिजवणं: उन्हाळ्यात ८ तास, थंडीत १२. एक दाणा मधून उघडून दोन्ही डाळिंब्या पाहा. आतली बाजू सपाट आणि एकसारख्या रंगाची दिसली तर दाणा तयार आहे. मध्ये खळगा असेल आणि तिथला रंग गडद असेल तर अजून दोन तास ठेवा. पाण्यावर फेस आणि आंबूस वास आला असेल तर भिजवण जास्त झालंय.

वाटणं: पाणी फेका, दाणे धुवा आणि एक लिटर पाण्यात दोन-तीन मिनिटं अगदी बारीक वाटा. सोयाचा कच्चट वास वाटतानाच तयार होतो, दाणा फुटला की त्यातलं एक विकर तेलावर काम करू लागतं. वास नको असेल तर उकळतं पाणी घालून वाटा, उष्णतेने ते विकर निकामी होतं. मिक्सरचं भांडं गरम पाणी सोसणारं हवं आणि झाकणातून वाफ जायला वाट हवी.

गाळणं: कापडातून पिळा. चोथ्यावर उरलेलं अर्धा लिटर पाणी घालून पुन्हा पिळा. चोथा कच्चाच असतो, तो शिजवून कटलेटमध्ये किंवा कणकेत वापरा.

उकळणं: पातेलं निम्मंच भरलेलं असू द्या. ८० अंशांच्या आसपास दूध एकदम फसफसून वर येतं. ही खरी उकळी नव्हे, पण इथेच बहुतेक जण आच बंद करतात. आच कमी करा, तळ ढवळत राहा आणि खरी उकळी फुटल्यावर १० ते १५ मिनिटं मंद आचेवर ठेवा. कच्च्या सोयात प्रथिनांचं पचन अडवणारं ट्रिप्सिन-रोधक द्रव्य असतं, ते एवढ्या वेळाशिवाय पुरेसं नष्ट होत नाही. घरच्या सोया दुधाने पोट बिघडलं, अशी तक्रार येते ती बहुधा याच पायरीमुळे.

इथवर पिण्याचं दूध तयार. कॉफीत घालताना ते फाटत असेल तर दूध कोमट करून कपात आधी घ्या आणि त्यावर कॉफी सावकाश ओता.

टोफूसाठी आच बंद करून दूध ७५ ते ८० अंशांवर येऊ द्या. जिप्सम किंवा निगारी अर्धा कप पाण्यात विरघळवा. त्यातलं निम्मं घालून झारा दोनदा तळापासून फिरवा आणि उभा धरून दुधाची गती थांबवा. उरलेलं वरून पसरा, झाकण ठेवा आणि १५ मिनिटं हात लावू नका. साका आणि पाणी वेगळं झालेलं दिसेल. पाणी पिवळसर आणि नितळ असेल तर झालं. अजून दुधाळ असेल तर चिमूटभर जिप्सम किंवा निगारी पाण्यात विरघळवून, अथवा चमचाभर रस, वरून घाला आणि पाच मिनिटं थांबा.

साका कापड लावलेल्या गाळणीत अलगद उचलून ठेवा, कापड दुमडा आणि अर्धा ते एक किलो वजन २०-३० मिनिटं ठेवा. साधारण ३०० ग्रॅम टोफू मिळतो. थंड पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये, रोज पाणी बदलत, तीन-चार दिवस टिकतो.

काय चुकतं: टोफू भुसभुशीत झाला तर जास्त ढवळलंय किंवा दूध फार गरम होतं. कडवट लागला तर निगारी जास्त झाली. साका धरलाच नाही तर दूध पातळ आहे किंवा थंड झालंय. खोक्यातल्या सोया दुधाचा टोफू करू पाहू नका. दूध वेगळं होऊ नये म्हणूनच त्यात स्थिर ठेवणारी द्रव्यं घातलेली असतात.

टोफू बेचव लागतो ही तक्रार खरी आहे आणि तिचं कारण पाणी आहे. आत पाणी भरलेलं असताना मसाला शिरायला जागा नसते. वड्या दाबून पाणी काढा, किंवा टोफू रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवून वितळवा. बर्फाने आत भोकं पडतात, वडी स्पंजसारखी होते आणि हाताने पिळता येते. मग रस्सा आतवर जातो.

८. लोह आणि बाकीची छोटी खाती

वनस्पतीतलं लोह सहज शोषलं जात नाही, त्याला त्याच जेवणात क जीवनसत्त्वाची जोड लागते. वरून पिळलेल्या लिंबाच्या चार थेंबांनी फारसं साधत नाही. एखादी कच्ची ढोबळी मिरची, संत्रं किंवा पेरू हवा. शिजवल्याने क जीवनसत्त्व घटतं, म्हणून कच्चं. चहा-कॉफी जेवणाआधी आणि नंतर तासभर दूर ठेवा. जेवणासोबत घेतलेला चहा लोहाचं शोषण निम्म्यावर आणू शकतो. अहवालात कमतरता नसताना लोहाच्या गोळ्या मात्र स्वतःहून घेऊ नका.

ओमेगा-३ साठी रोज एक मोठा चमचा जवस, ताजं दळून. अख्खं जवस पचल्याशिवायच बाहेर पडतं. पूड लवकर खवट होते, म्हणून थोडीच करा आणि फ्रिजमध्ये ठेवा. आयोडीन आयोडीनयुक्त मिठातून मिळतं. साधं समुद्री किंवा गुलाबी मीठ त्याची जागा घेत नाही. केल्पसारख्या शेवाळात आयोडीन इतकं जास्त असू शकतं की थायरॉइड बिघडतो. ड-३ ची गोळी घ्यायची असेल तर स्रोत पाहा, बहुतेक ड-३ मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून काढतात. दगडफुलापासून केलेलं ड-३ आणि ड-२ हे व्हिगन पर्याय.

९. अंड्याची जागा: आधी काम ओळखा

बांधून ठेवायला: एका अंड्यामागे १ मोठा चमचा जवसाची पूड आणि ३ मोठे चमचे पाणी, १० मिनिटं ठेवून बुळबुळीत झाल्यावर.
फुलवायला: १ लहान चमचा खायचा सोडा आणि १ मोठा चमचा व्हिनेगर. मिश्रण लगेच भट्टीत जायला हवं, नाहीतर वायू निघून जातो.
फेसासाठी: हरभरे शिजवलेलं दाट पाणी, ३ मोठे चमचे म्हणजे एक अंडं. पातळ असेल तर आधी आटवून गार करा. तेलाचा अंश लागला तर फेस धरत नाही.

तीनहून जास्त अंडी लागणाऱ्या केकच्या कृतीत अदलाबदल करत बसू नका, मुळातच बिनअंड्याची कृती घ्या.

१०. लेबल वाचायला शिका

दूध आणि अंडी ही नावं सहज दिसतात. न दिसणारी ही: केसीन, व्हे, लॅक्टोज (दूध), अल्ब्युमिन (अंडं), जिलेटिन (हाडं आणि कातडी), कारमाइन किंवा ई१२० (कीटकांपासून लाल रंग), शेलॅक किंवा ई९०४ (लाख), ई९०१ (मधमाश्यांचं मेण). 'नॉन-डेअरी' लिहिलेल्या कॉफी पावडरीत केसीन असू शकतं. वूस्टरशर सॉसमध्ये सहसा अँचोव्ही मासे असतात. काही वाइन माशाच्या पोटातल्या पिशवीपासून केलेल्या द्रव्याने नितळ करतात आणि ते लेबलवर बहुधा येत नाही.

फक्त शाकाहारी राहणाऱ्यांनीही चीजकडे लक्ष द्यावं. दूध फाडायचं रेनेट पारंपरिक पद्धतीत वासराच्या जठरातून घेतात. खऱ्या पार्मेजानो रेजानोत तेच वापरायचा नियम आहे.

'दुधाचे अंश असू शकतात' ही ॲलर्जी असलेल्यांसाठीची सूचना आहे, तो घटक नव्हे. आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी जिलेटिनच्या वेष्टणात आहे म्हणून बंद करू नका. दुसरा पर्याय आहे का ते विचारा, नसेल तर घ्या. व्हिगनच्या व्याख्येतच 'शक्य आणि व्यवहार्य असेल तेवढं' ही अट धरलेली आहे.

११. सोडण्याचा क्रम आणि पुन्हा तपासणी

पायरी १ मधल्या कारणावरून तुमचा वेगळा क्रम ठरला नसेल, तर दुसऱ्या आठवड्यात पिण्याचं दूध बदला, तिसऱ्यात मांस-अंडी, चौथ्यात लोणी-तूप. चीज आणि दही शेवटी. चीजची ओढ सर्वांत चिवट असते. पहिल्याच दिवशी व्हिगन चीज आणून तुलना केलीत तर निराशाच होईल. सहा आठवडे चीज पूर्ण बंद ठेवा आणि मग चाखून पाहा, जीभ बरीच बदललेली असते.

सतत भूक लागत असेल किंवा नको असताना वजन उतरत असेल, तर प्रथिनांच्या आधी उष्मांक मोजा. भाज्या आणि कडधान्यं पोट भरतात पण उष्मांक कमी देतात. रोज मूठभर शेंगदाणे किंवा सुकामेवा आणि दोन चमचे तेल वाढवलं की बहुतेकांचा प्रश्न सुटतो.

बाहेर जेवायला जाताना आदल्या दिवशी फोन करा आणि "व्हिगन काही मिळेल का?" असं विचारू नका. "दूध, लोणी, तूप, चीज, अंडी, मध न घालता काय करता येईल?" असं एकेक नाव घेऊन विचारा. घरच्यांशी वाद जेवणाच्या टेबलावर नको. तुम्ही केलेला एक चांगला पदार्थ आधी सगळ्यांच्या ताटात जाऊ द्या.

सहाव्या महिन्यात त्याच चाचण्या, शक्यतो त्याच प्रयोगशाळेत. बी-१२ ची पातळी २०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली असेल तर ती कमतरता समजली जाते. २०० ते ३०० मध्ये असेल तर डॉक्टरांना मिथाइलमॅलोनिक ॲसिडच्या चाचणीबद्दल विचारा, तिच्यातून पेशींना प्रत्यक्ष किती बी-१२ मिळतंय ते जास्त नेमकं कळतं. फेरिटिन आधीपेक्षा घसरलं असेल तर पहिल्यांदा चहाची वेळ बदला आणि दोन्ही जेवणांत कच्ची ढोबळी मिरची किंवा पेरू आणा. मात्र ३० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली गेलं तर एवढ्यावर थांबू नका, दोन्ही अहवाल घेऊन डॉक्टरांकडे जा.